अळणी नवस

मालूच्या तोंडी लागायचं नाही, हे नौपाड्यातल्या शहाण्या माणसांना ठाऊक होतं. खाडीवरच्या कोळीवाड्यातून ती सकाळी पाटी घेऊन यायची, गल्लीच्या तोंडाशी ठरलेल्या जागी बसायची आणि भाव एकदाच सांगायची. दुसऱ्यांदा विचारणाऱ्याच्या पायांवर मासळीवर मारायच्या पाण्याचा शिपका उडायचा. चुकून उडाला, असं ती म्हणायची. तिच्या हातून चुकून काही होत नसे.

एकदाच झालं होतं, तेही चांगलं वाजतगाजत. चौऱ्याऐंशी साली मालूची झोपच उडाली. रात्रंदिवस तोंड चालू, पाय चालू, थकवा म्हणून नाही. सरंग्यांनी भरलेली पाटी तिनं येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट वाटून टाकली, गळ्यातली माळ काढून एका अनोळखी नवरीच्या गळ्यात घातली आणि पोलीस चौकीत शिरून फौजदाराला खुर्चीवरून उठवलं. आजपासून चौकी मी बघणार, म्हणाली. फौजदार उठलाही होता. तिचा नवरा गोमाजी वादळात होडी आवरणारा माणूस, पण बायको त्याला आवरली नाही. शेवटी नौपाड्यातल्या सबनीस डॉक्टरांनी तिला इस्पितळात ठेवून घेतलं. हे मनाच्या आजाराचे डॉक्टर. ती बरी होऊन घरी जायला निघाली तेव्हा त्यांनी रोज घ्यायची गोळी लिहून दिली. लिथियम तिचं नाव.

"हेही एक प्रकारचं मीठच आहे, मालूबाई," डॉक्टर म्हणाले होते. "गोळी चुकवायची नाही, सांगेन तेव्हा रक्त तपासायचं, पाणी भरपूर प्यायचं. आणि जेवणातलं मीठ एकाएकी कमी करायचं नाही."

मालू हसली होती. "कोलनीला मीठ कमी कर सांगायला कोन येनार, डाक्टर?"

ती हसली आणि ते शेवटचं वाक्य विसरून गेली. गोळी मात्र विसरली नाही. सात वर्षं झाली, लग्नकार्य असो की होळी, रात्री जेवून उठली की आधी गोळी, मग पान. चौऱ्याऐंशी सालची ती दुसरी मालू पुन्हा कधी फिरकली नाही. कोळीवाड्यानं दोनचार वर्षं चघळलं आणि मग त्यांना दुसरं कोणीतरी सापडलं.

एक्क्याण्णव साली मालूच्या नीलाची सोयरीक मोहने गावात जमली. मुलगा कान्हा, तिथल्या कारखान्यात कामाला, निर्व्यसनी, नाकीडोळी नीटस. त्याला बाप नव्हता, आई होती. कलावती तिचं नाव. साखरपुडा झाला तशी नीला म्हणाली, "आय, तुझ्या गोल्यांचं त्यांना सांगून टाकू. मागून कललं तर वाईट दिसंल."

"हलद उतरंस्तवर गप रव्हायचं," मालू म्हणाली. एकदाच म्हणाली, म्हणजे विषय संपला.

पण मनातून तिला धास्ती होती. कोणीतरी मोहन्याला जाऊन काडी लावील, वेडीची पोर म्हणून सोयरीक मोडेल, हे तिला रोज डोळ्यांसमोर दिसायचं. मग ती कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरेला गेली आणि नवस बोलली. माझ्या आजारापायी पोरीची सोयरीक मोडू नको, लग्न लागेस्तोवर मी मीठ खाणार नाही. बाकीच्या बाया चहा सोडतात, गोड सोडतात. असले किरकोळ सौदे मालूला जमत नसत. कोळणीनं मीठ सोडलं म्हणजे अर्धा जीव सोडल्यासारखंच. गोळी हेही मीठच, हे तिला बरोबर आठवलं. म्हणून तिनं देवीला तिथल्या तिथं बजावलं, की गोळीतलं मीठ तू हिशेबात धरायचं नाहीस. डॉक्टरचाही शब्द राहिला, देवीचाही राहिला. डोंगर उतरताना मालूला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगाच नाही.

ऊन तापायला लागलं. मालू रस्त्यावर बसून घामानं भिजायची, घरी येऊन अळणी भात आणि अळणी कालवण कसंबसं गिळायची. अन्नच गोड लागेना, तशी तहानही फारशी लागेना. मग एक दिवस तिचा डावा डोळा लवायला लागला.

"बाईमानसाचा डावा डोला म्हंजे शुभ," शेजारची रखमाबाई म्हणाली. "सोयरीक फलली तुना."

शुभ डोळ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. ते अंगठ्यात उतरलं, तिथून खांद्यात गेलं, खांद्यातून पोटरीत. मालूनं ठरवलेलं नसताना अंगठा आपला आपण उडे, खांदा टुणकन वर येई. पोटरीवर हात ठेवला तर कातडीखाली काहीतरी उसळत असे, खाडीच्या चिखलात निवटी मासळी उडते तसं. एका सकाळी सुरमई कापताना कोयता धरलेला हात असा काही हलला, की तुकडा एकीकडे जाड आणि एकीकडे पापुद्रा झाला. गिऱ्हाईक बघत राहिलं. मालूनं तो तुकडा तसाच त्याच्या पिशवीत टाकला आणि म्हणाली, "आता असाच कापतात." गिऱ्हाईक गेलं तशी मालूनं उरलेली सुरमई न कापताच झाकून ठेवली.

आता शुभ म्हणणाऱ्या रखमाबाईनं पलटी खाल्ली. "तुझ्या अंगात देवी येतंय, गो. तू नवस बोललीस ना, ती तुना भेटायला येतंय."

"देवीला यायचं तर सगली येल," मालू म्हणाली. "अंगठ्यात कशाला येल?"

गोमाजीचा राग गोळ्यांवर होता. सात वर्षं रोज पोटात औषध जातंय, ते आता नसानसांतून बाहेर पडतंय, असं त्याचं म्हणणं. "लग्न होईस्तवर बंद कर गोली," तो रोज म्हणायचा. "मोहन्याची मानसां येतील तवा तुझा खांदा नाचनार काय?"

मालू त्याला उडवून लावायची, उन्हाचा त्रास आहे म्हणायची. डॉक्टरकडे जा म्हटलं तर म्हणायची, बस्ता होऊ दे. खरं सांगायचं तर ती घाबरली होती, आणि घाबरायची सवय नसल्यानं तिला काय करावं ते कळत नव्हतं. गोळी चालू ठेवावी तर भर मांडवात हे अंग उडणार आणि चार माणसं विचारणार. गोळी सोडावी तर ती चौऱ्याऐंशी सालची मालू परत येणार. नीलाच्या लग्नात ती नवऱ्यामुलाला पाटावरून उठवून स्वतः बसायलाही कमी करणार नाही, हे मालूपेक्षा चांगलं कोणाला ठाऊक? शेवटी तिनं मनाशी ठरवून टाकलं. बस्त्याचा दिवस पार पडला की त्या रात्रीपासून गोळी बंद. अंगठा लपत नाही, वेड निदान काही दिवस लपतं.

बस्त्याच्या दिवशी कलावती मोहन्याहून एकटीच आली. आधी जेवायचं आणि मग नौपाड्यातल्या दुकानात साड्या घ्यायच्या, असं ठरलेलं. कलावती अंगानं काटकुळी, बोलायला कमी, पण बसल्या जागेवरून सगळं घर मोजून घेणारी बाई. मालू वाढायला उठली. पाय जरा लटपटत होते, तरी तिनं कालवणाची पळी भरली, विहिणीच्या ताटाशी वाकली, आणि खांदा उडाला. अख्खी पळी कलावतीच्या नव्या लुगड्यावर सांडली.

नीला फडकं घेऊन धावली. कलावतीनं लुगड्याकडे बघितलंच नाही. ती मालूच्या हाताकडे बघत होती. हात खाली घेतला तरी अंगठा हलतच होता. मग तिची नजर चुलीकडच्या वेगळ्या टोपाकडे गेली.

"तुमचं कालवन वेगलं का, विहीनबाय?"

"नवस हाय. साखरपुड्यापासून मीठ सोडलंय."

"आनि हात?"

"गरमी."

"मी काय कालची पोर हाय?" कलावती म्हणाली. आवाज चढला नव्हता.

मालूनं एकदा नीलाकडे बघितलं. पोरीच्या हातातलं फडकं तसंच राहिलं होतं. खोटं बोलायला मालू कमी नव्हती, गिऱ्हाइकांशी रोज बोलायची. पण या पोरीला उद्या त्या बाईच्या चुलीशी उभं राहायचं होतं. मालू खाली बसली आणि तिनं सगळं सांगितलं, चौकीतल्या फौजदारासकट. भाव सांगावा तसं एकदाच, काही न वगळता. गोमाजी वर आढ्याकडे बघत बसला. सांगून झालं तेव्हा मालूला हलकं वाटलं आणि त्याच क्षणी वाटलं, की संपलं, सोयरीक आपण आपल्या हातानं मोडली.

कलावतीनं हात धुतले, पदर खोचला. "तो डाक्टर इथंच नौपाड्यात हाय ना? चला."

मालू समजली. बाईला डॉक्टरकडून खात्री करून घ्यायची होती, मग जाऊन मोडता घालायचा होता. तिच्या जागी मालू असती तर तिनंही तेच केलं असतं. दोघी रिक्षानं दवाखान्यात गेल्या.

सबनीस डॉक्टरांनी मालूला दोन्ही हात पुढे धरायला लावले. खोलीत सरळ चालायला लावलं, तर ती कपाटाकडे कलली. डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला.

"गोळ्या जास्त घेतल्या का?"

"एकबी नाय."

"उलट्या, जुलाब? दुसरं काही औषध? खाण्यापिण्यात काही बदल?"

"काय बदल नाय, डाक्टर," मालूनं छातीठोकपणे सांगितलं. आणि ती खोटं बोलत नव्हती. नवस हा तिच्या लेखी खाण्यापिण्यातला बदल नव्हताच, ती तिची आणि देवीची बोली होती. डॉक्टरांचा त्यात काय संबंध?

"मीठ सोडलंय त्यांनी," कोपऱ्यातल्या स्टुलावरून कलावती म्हणाली. "साखरपुड्यापासून."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी सावकाश समजावलं. शरीराला रोजचं मीठ मिळेनासं झालं, की ते या गोळीचं मीठ बाहेर टाकत नाही, धरून ठेवतं. त्यात घाम जातोय, पाणी कमी पोटात जातंय. गोळी तेवढीच, पण रक्तात ती साठत गेली आणि म्हणून हे अंग उडतंय. आणखी थोडे दिवस गेले असते तर जिवावर बेतलं असतं. "आत्ताच्या आत्ता रक्त तपासून या. गोळी मी थांबवतोय, रिपोर्ट बघून मीच पुन्हा चालू करणार. तुमच्या मनानं एकही घ्यायची नाही आणि एकही सोडायची नाही. उलटी झाली, गुंगी आली तर थेट इस्पितळात. आणि मीठ आजपासून, नेहमीसारखं."

"मीठ नाय," मालू म्हणाली.

"मालूबाई, तुमच्या जिवाचा प्रश्न आहे."

"माझ्या पोरीचा बी हाय. देवीला शबूद दिलाय. मोडला आनि सोयरीक मोडली तर मी कुनाला तोंड दाखवू?" तिचा खांदा उडाला, तरी मान ताठच होती. डॉक्टरांनी आणखी दोनदा समजावलं, कागद तिच्या हातात दिला आणि हताशपणे कलावतीकडे बघितलं.

बाहेर आल्यावर कलावती पायरीवर बसली आणि तिनं मालूलाही हाताला धरून बसवलं.

"नवस काय बोललात? जसाच्या तसा सांगा."

मालूनं सांगितला.

"आजारापायी सोयरीक मोडू नको, हा तुमचा नवस. ती मोडायची झाली तर कोन मोडनार? मीच ना? मना आता सगलं कललंय, डाक्टरच्या तोंडानं बी ऐकलंय. आनि मी नाय मोडत. मग देवीनं तिचं काम केलं का नाय?"

मालूला हे अपेक्षित नव्हतं. पण कोणताही सौदा पहिल्या बोलीत घ्यायचा नाही, ही तिची जन्माची सवय. "लग्न लागेस्तोवर बोलली हाय मी. मोहन्याला जाऊन तुमचं मन फिरलं तर?"

"माझा मानूस बीपीची गोली खायाचा," कलावती म्हणाली. "बरा वाटला की सोडायचा. मी सांगून सांगून थकली. एक दिस कारखान्यातून त्याला उचलूनच आनला." तिनं मोकळ्या कपाळावरून हात फिरवला. "तुमी सात वर्सां एक गोली चुकवली नाय. आसल्या बाईची पोर मना पायजे. लपवलंत त्याचा राग आलाय, तो मी लग्नात रुसून काढीन. पन सोयरीक मोडनार नाय. मोडली तर देवी मना बघून घेल, तुमाला नाय."

मालूच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती रस्त्यावर कधी रडली नव्हती, आणि नौपाड्यात तर नाहीच. समोरून तिचं एक जुनं गिऱ्हाईक पिशवी घेऊन चाललं होतं. त्यानं बघितलं आणि घाईघाईनं दुसरीकडे तोंड केलं.

दवाखान्याशेजारी एक दाणेवाला बसला होता. कलावती उठली, खाऱ्या दाण्यांची पुडी घेऊन आली आणि मालूचा उडता हात आपल्या हातात घट्ट धरून तिनं मूठभर दाणे त्यात ओतले. मालूनं कार्ल्याच्या दिशेला एकदा मान वाकवली आणि दाणे तोंडात टाकले. कितीतरी दिवसांनी जिभेवर मीठ आलं होतं.

"कसं लागतंय?" कलावतीनं विचारलं.

"मीठ कमी हाय," मालू म्हणाली.

मग अंगठ्याला लागलेलं मीठही तिनं चाटून घेतलं, डॉक्टरांचा कागद कमरेला खोचला, आणि दोघी विहिणी रक्त तपासायला निघाल्या.