दहापैकी दहा

गाडी घेऊन वर्षही झालं नव्हतं आणि सोनकच्छच्या रस्त्यावर तिचं इंजिन बसलं. तेव्हापासून देवासचे रत्नाकर पुरोहित कंपनीच्या फोनवर घसा कोरडा करत होते. आज तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, प्रत्येक सर्व्हिसिंगनंतर तुम्हीच दहापैकी दहा मार्क दिलेत, मग तक्रार कसली?

रत्नाकरांच्या मस्तकात तिडीक गेली. इंजिन खडखडतंय, असं ते दर वेळी सांगत आणि वर्कशॉपवाला हात जोडे, "भिया, दस दे दो, नौकरी का सवाल है."

"मार्क त्याला दिले होते, तुमच्या खटाऱ्याला नाही!" ते ओरडले.

"नोट कर लिया, सर. इस कॉल को कितने मार्क देंगे? कम आए तो मेरी नौकरी जाएगी."

रत्नाकरांनी दातओठ खाल्ले.

"दस!" म्हणाले आणि फोन आदळला.