छातीवरचा खिसा

मी एक जुनी शिलाई मशीन आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव संशयी आहे. वरून कडक इस्त्रीचा कोट आणि आतून लोंबणारे दोरे, हे जिला जन्मभर पाहावे लागले तिचा कुणावर चटकन विश्वास कसा बसणार? तुमच्यावरही अजून बसलेला नाही. पण ऐका.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. अंगाला काळा चकचकीत रंग दिला गेला आणि त्यावर सोनेरी वेल काढली गेली. एका शिंपीमास्तरांनी लग्नाच्या वर्षी मला विकत घेतले. त्यांचे दुकान अरुंद होते. रस्त्याच्या बाजूला काचेची खिडकी, मागे पडदा आणि पडद्याआड संसार. मास्तर माझ्यावर बसत आणि बाई बाजूच्या स्टुलावर काजे-बटणे करीत. त्यांना पुढे एक मुलगा झाला आणि बऱ्याच वर्षांनी एक मुलगी. तिला सगळे धाकटीच म्हणत.

समोर एका घड्याळजींचे दुकान होते. ते अधूनमधून घड्याळाच्या तेलाची कुपी घेऊन रस्ता ओलांडून येत. "मास्तर, तुमची मशीन खोकतेय हो. समोर बसून माझ्या कानाला त्रास होतो," असे म्हणत आणि माझ्या सांध्यांत थेंब थेंब तेल सोडत. पैसे विचारले तर रागावत. मला माणसे आवडत नाहीत, पण ते आवडत.

मास्तरांच्या कामाची एक रीत होती. कापडाची अब्रू राखायची. कोटाला ठिणगीने भोक पडले तर तिथे ते खिसा लावत. बाही फाटली तर पट्टी मारून तीच फॅशन करून टाकत. गिऱ्हाईक खुश होऊन जाई. झाकले की दुरुस्त झाले, असे मास्तर मनापासून मानत. ही रीत लक्षात ठेवा, कारण सगळा घोटाळा तिथेच झाला.

एके दिवशी एक सभ्य गृहस्थ चौकोनी कापडाचा तुकडा घेऊन आले. तांबडे कापड आणि त्यावर काळे कडे. "मास्तर, एवढा बिल्ला कोटावर शिवून द्या, डाव्या छातीवर." माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. मग दुसरे आले, तिसरे आले, आणि बघता बघता दुकानात रांग लागली. बिल्लेवाल्यांचे म्हणणे सोपे होते. हे शहर मूळच्यांचे आहे आणि उपऱ्यांनी आपली वाट धरावी. दुकानात कुणी ओरडत नसे, मित्रांनो. सगळे "जरा लवकर द्या हं" असे गोड बोलत. ओरडणाऱ्यांपेक्षा हे गोड बोलणारेच मला जास्त धोक्याचे वाटत.

घड्याळजींचे आजोबा दुसरीकडून आले होते. तेवढे कारण पुरले. आधी त्यांची गिऱ्हाइके आटली. मग एका दुपारी बिल्लेवाल्यांनी त्यांच्या खिडकीवर दगड मारले आणि भिंतीवरची घड्याळे एकेक करून खाली पडली. घड्याळजी निघून गेले. जाताना तेलाची कुपी माझ्या फळीवर ठेवून गेले. त्याच आठवड्यात मास्तरांनी स्वतःच्या कोटावरही बिल्ला शिवला. दुकान चालवायचे तर घालावाच लागेल, असे ते बायकोला म्हणाले.

मुलाने हे सगळे पाहिले होते. पुढे बिल्लेवाल्यांनी सत्ता हाती घेतली, शेवटी युद्ध पेटले, त्यांच्याविरुद्ध लढायला माणसे निघाली, तेव्हा तोही निघाला. दारात उभा राहून म्हणाला, "बाबा, तुम्ही शिवत बसा. मी काढायला चाललोय." पायडलवरचा मास्तरांचा पाय थांबला.

युद्ध जिंकले. बिल्लेवाल्यांचे राज्य गेले, पुढारी पकडले गेले, चौकात तांबड्या झेंड्यांची होळी झाली. मुलगा परत आला नाही. त्याचे नाव चौकातल्या स्मारकाच्या दगडावर कोरले गेले.

त्या दिवसापासून बाई दिवेलागणीला माझ्यावर कापड झाकताना एकच वाक्य म्हणत. "लेकरू गेलं, पण ते विष तरी गेलं." त्या वाक्याच्या आधारावर त्या जगत होत्या. मला ते ऐकवत नसे, कारण त्याच दिवसांत दुकानात काय चालले होते ते मला ठाऊक होते.

आता बिल्ला उसवून घ्यायला लोक येऊ लागले होते. पण बिल्ला उसवला की कापडावर सुईची भोके राहतात, आणि आजूबाजूचा कोट उन्हाने विटलेला असल्यामुळे तिथे गडद चौकोन उठून दिसतो. तो चौकोन घेऊन रस्त्याने कोण चालणार? मास्तर म्हणत, "वरून खिसा लावू, काही दिसणार नाही." काही जण आधी बिल्ला काढून घेत. पण पुष्कळ जण इकडे तिकडे पाहत हळूच म्हणत, "उसवत कशाला बसता मास्तर? कापड फाटेल. तसाच खिसा मारा." मुलगा गेल्यापासून बाई दिवसभर पडद्याआडच असत आणि मास्तरांचे हात गळून गेले होते. ते तसाच मारत. त्या वर्षी सगळ्या शहराला छातीवर डावीकडे खिसा आला. किती खिशांखाली काय होते ते फक्त मास्तरांना आणि मला माहीत. बायका समजत, नवी टूम आली आहे.

मास्तरांनी ताकास तूर लागू दिली नाही. काही वर्षांनी ते वारले. त्यांचा कोट बाईंनी दुकानातल्या खुंटीवर टांगून ठेवला. रोज त्याच्यावरची धूळ झटकत, पण खिशात कधी हात घातला नाही.

धाकटी मोठी झाली आणि माझ्यावर बसू लागली. युद्धाचे तिला फारसे आठवत नव्हते. तिला फक्त दगडावरचा भाऊ माहीत होता.

एकदा भाऊसाहेब आले. हे स्मारक समितीचे अध्यक्ष. दरवर्षी दगडापुढे उभे राहून तेच भाषण करत आणि समोरच्या ओळीत बसलेल्या बाईंना वाकून नमस्कार करत. "पोट सुटलंय गं बाळ. कोटाच्या बाजू जरा सैल कर. उद्या स्मारकावर बोलायचंय," ते म्हणाले आणि कोट ठेवून गेले. धाकटीने बाजू सोडल्या. मग तिला दिसले की खिशाचा कोपरा उसवला आहे. पोरगी कामसू, न सांगता तोही शिवायला घेतला. माझी सुई जाड थरात खट्टकन अडली. "आई, खिशाखाली काहीतरी आहे," ती म्हणाली आणि तिने कोपरा आणखी उघडला.

तांबडे कापड, काळे कडे. सगळा कोट विटला होता, पण बिल्ल्याला ऊनच लागले नव्हते, त्याचा रंग कालच्यासारखा ताजा होता. एक कड मात्र झिजून पातळ झाली होती. खिशात हात घालून कुणीतरी वर्षानुवर्षे त्यावरून अंगठा फिरवला होता.

बाईंनी खिशाचा दुसरा कोपरा पाहिला. तिथे मास्तर नेहमी घालत तो छोटा त्रिकोणी टाका होता. "म्हणजे यांना माहीत होतं," एवढेच बोलून त्या स्टुलावर बसल्या. त्या संध्याकाळी त्यांनी माझ्यावर कापड झाकले नाही आणि ते वाक्यही म्हणाल्या नाहीत.

सकाळी भाऊसाहेब कोट न्यायला आले. बाईंनी कोट उघडून समोर धरला.

"अहो वहिनी, काढायचं राहून गेलं," ते हसत म्हणाले. "ते केव्हाच मेलंय. युद्धात संपलं सगळं. तुमच्या मुलानंच तर संपवलं."

"माझ्या मुलाचं नाव घेऊ नका. मेलेलं असतं तर कड कशी झिजली?"

भाऊसाहेबांचे हसू मावळले. त्यांनी खुंटीकडे बोट केले. "मलाच का विचारता? मास्तरांच्या त्या कोटालाही तोच खिसा आहे की. बघा ना हात घालून."

धाकटी म्हणाली, "आई, नको." पण बाई उठल्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या कोटाच्या खिशात हात घातला आणि त्यांचा चेहरा उतरला. तो खिसा माझ्याच सुईखालून गेला होता. पण मास्तरांनी बिल्ला आत का ठेवला, भीतीने, कंटाळ्याने की मनातून, हे मला तेव्हा कळले नाही आणि आजही कळलेले नाही. माझा संशय माझ्या मालकालाही सोडत नाही, याचे मला वाईट वाटते.

बाईंनी लहान कात्री घेतली. आधी मास्तरांच्या कोटाचा खिसा काढला, मग बिल्ल्याच्या चारही बाजूंचा टाका न् टाका उसवला. त्या रडत होत्या, पण हात चुकला नाही. मग त्यांनी कात्री भाऊसाहेबांपुढे धरली.

"पोरगा गेला म्हणून खिडक्या फुटायच्या थांबल्या. तेवढं त्यानं केलं. हे त्याचं काम नव्हतंच, आपलं होतं. आणि आपण वरून खिसे लावत बसलो. घ्या, बसा. मी शिकवते."

भाऊसाहेब बसले. कपाळावरचा घाम पुसत त्यांनी आपल्या कोटाचा खिसा काढला आणि बिल्ल्याच्या तीन बाजू उसवल्या. मग घड्याळ पाहून उठले. "उशीर होतोय. एवढी एक बाजू घरी जाऊन काढतो."

"कोट इथंच राहू दे," बाई म्हणाल्या. "जमेल तेव्हा या."

त्या दिवशी भाऊसाहेबांनी नुसत्या शर्टात भाषण केले. समोरच्या ओळीत बाईंची खुर्ची रिकामी होती.

मित्रांनो, युद्धाने काहीच झाले नाही असे म्हणणाऱ्याचा मला संशय येतो, कारण घड्याळजींच्या फुटलेल्या काचा मी पाहिल्या आहेत आणि नुसत्या विनवण्यांनी ते दगड थांबले नव्हते. युद्धाने सगळे मिटले म्हणणाऱ्याचा तर जास्तच येतो. बिल्ला कोटावरून खिशात गेला, एवढे मी माझ्या सुईने पाहिले आहे.

आता माझ्याशेजारी एक बाक आहे. कुणी जुना कोट घेऊन आले की बाई त्याच्या हातात कात्री देतात. थोडेच येतात. काही जण आमचे दुकान आले की रस्ता ओलांडून पलीकडून जातात आणि चालता चालता हात छातीशी नेतात. घड्याळजी परत आले नाहीत, त्यांची कुपी रिकामी झाली आहे आणि मी पुन्हा खोकू लागले आहे. मला कुणी तेल घातले तर बरे वाटेल. पण त्याआधी एक करा. तुमच्या घरी आजोबांचा किंवा बाबांचा जुना कोट असेल, तर त्याच्या खिशात नीट हात घालून बघा. आमच्याकडे तसले काही नाही, असे मला सांगू नका. खुंटीवर दोन कोट आहेत. एकावर नुसता गडद चौकोन आहे. दुसऱ्यावर तांबडा बिल्ला एका बाजूने अजून लटकतो आहे, आणि त्याचा मालक अजून आलेला नाही.