पोटफुग्याचं यकृत

माणसाची खरी पारख जेवताना होते, असं आमचे दाजी फार गंभीरपणे सांगतात. ऐकणारा मान डोलावतो, कारण दाजींनी पस्तीस वर्षं पारख केली ती कत्तलखान्यात, आकड्याला उलट्या टांगलेल्या जनावरांची, हे त्याला ठाऊक नसतं. मांस चांगलं निघालं की जांभळा शिक्का, रोगट निघालं की सरळ खड्डा. निवृत्तीनंतर हीच शिस्त त्यांनी आपल्या एकुलत्या एका मुलीने, म्हणजे माझ्या भाचीने, घरी आणलेल्या मुलांना लावली. मुलगा नापसंत असला की दाजी अर्ध्या जेवणातून हात धुवायला उठत. दोघांच्या वेळी असा नळ वाहिला होता. तिसऱ्यालाही वाहिला तर मी घर सोडणार, असं भाचीने मला फोनवर सांगितलं, आणि ताईने साक्षीदार हवा म्हणून रविवारी दुपारी मला जेवायला बोलावलं.

तिसरा लिफ्ट दुरुस्त करणारा होता. भाचीने त्याला बजावून आणलं होतं : बाबांच्या नोकरीचा विषय काढायचा नाही, आईला मळमळतं, बोलायचं तर माझ्या कामाबद्दल बोल. भाची कार्टूनच्या स्टुडिओत रंग भरते. सध्या 'पोटफुगे' नावाचे, मान नसलेले, सात भडक रंगांचे प्राणी तिच्या हाताखालून जातात. मी त्यांचे दोन भाग पाहिले आहेत. तिसरा पाहण्यापेक्षा मी दाढ काढून घेईन.

सूप येताच लिफ्टवाल्याने सुरुवात केली. गुलाबी पोटफुगा पिवळ्यावर जोरात आपटला तर मधे नारिंगी डाग पडेल का. निळ्याला घाम आला तर टॉवेल निळा होईल का. जांभळ्याचं नाक गळायला लागलं तर... इथे मला माझ्या चमच्यातलं सूप नको इतकं स्पष्ट दिसलं आणि मी चमचा खाली ठेवला. बत्तीस वर्षांचा, चांगला कमावता माणूस. दाजींनी खुर्ची इंचभर मागे सरकवली. भाचीने नळाकडे पाहिलं.

लिफ्टवाल्यालाही ते कळलं असावं, कारण घाबरून तो आणखीच बोलू लागला.

"समजा काका, हिरवा पोटफुगा आजारी पडला. आता तो मुळातच हिरवा. मग तो सडायला लागलाय हे कळणार कसं?"

दाजींनी खुर्ची पुढे ओढली.

"रंगावर जायचंच नाही," ते म्हणाले. "वास घ्यायचा. तुम्ही घेतलाय कधी?"

पुढचा पाऊण तास मला विसरता आलेला नाही. मानच नाही म्हटल्यावर गाठी काखेत चाचपाव्या लागतील, असं दाजींनी सांगितलं. अंगठ्याने दाबल्यावर खळगा तसाच राहिला तर पोटफुगा बाद. लिफ्टवाल्याने विचारलं, सातही जण एकाच आकड्याला टांगले तर खाली ठिबकणारा रंग शेवटी कुठला होईल. दाजींनी डोळे मिटून विचार केला आणि "मातकट" म्हणाले. मग पोट कुठून फाडायचं हे दाखवायला त्यांनी सुरी उचलली आणि ताईने मोठ्या हौसेने केलेल्या हिरव्या जेलीत वरून खाली फिरवली. जेली थरथरली. आतून एक द्राक्ष सावकाश बाहेर आलं. ताई तोंडावर हात धरून उठली. मागोमाग मी. नळ वाहिला, पण आमच्यासाठी.

परत आलो तर दोघं जेली खात होते.

"तू घे अजून," दाजी त्याला म्हणाले. मघाचं 'तुम्ही' बहुधा जेलीबरोबर पोटात गेलं होतं. ताई दारातच थबकली. इतकी वर्षं जो विषय या टेबलावर येऊ नये म्हणून ती झटली, तो आता जावई होऊन दर रविवारी जेवायला येणार होता.

एकच मुद्दा अडला होता. लिफ्टवाल्याच्या मते पोटफुग्याचं यकृत त्याच्या अंगाच्याच रंगाचं असणार. दाजींच्या मते यकृत म्हटलं की तपकिरी, मग मालक कोणीही असो. निकालासाठी दोघांनी भाचीकडे पाहिलं. ती इतका वेळ टेबलावर कोपरं टेकून बसली होती, लग्न ठरल्याचा आनंद आणि ओकारी यांच्या मधोमध.

"आत काही नसतं, बाबा," ती म्हणाली. "बाहेरची रेघ काढतो आणि रंग भरतो."