किती?

बिबवेवाडीतल्या एका शाळेत मधुमेही मुलांचं पाच दिवसांचं उन्हाळी शिबिर भरलं होतं आणि विजयमालाबाई तिथे स्वयंसेविका होत्या. निवृत्त माणसाला पुण्यात कुणी स्वस्थ बसू देत नाही, असं त्या सांगत. खरं कारण वेगळं होतं. त्यांची उल्का सातव्या वर्षापासून इन्सुलिनवर होती, आणि आता चौतिसाव्या वर्षी खराडीत एकटी राहत होती. तासाभराचा रस्ता, पण गेल्या दोन वर्षांत दोघींपैकी कुणीच तो तुडवला नव्हता.

भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. त्यांच्या घरात 'किती?' या एका शब्दावर सगळा कारभार चाले. उठल्यावर किती, शाळेतून आल्यावर किती, सहलीहून फोन आला तरी आधी किती. म्हणजे बोट टोचून रक्तातली साखर किती आली, ते सांग. उल्का आकडा सांगे आणि गप्प बसे. पुढे तिने दंडावर सेन्सर लावला, तिचा आकडा आईच्या मोबाईलवरही दिसू लागला, आणि बाईंनी ताळतंत्रच सोडलं. उल्काला भर मीटिंगमध्ये फोन जायचा, "एकशे नव्वद? काय खाल्लंस?"

एका दिवाळीत उल्काने आईच्या हातातला मोबाईल घेतला आणि तो आकडा कायमचा बंद केला. "आई, पंचवीस वर्षांत तू मला एकदाही 'कशी आहेस' असं विचारलं नाहीस," ती शांतपणे म्हणाली.

शिबिराच्या डॉक्टर अस्मिता यांनी पहिल्याच दिवशी स्वयंसेवकांना बजावलं होतं, "आधी मूल, मग मीटर. कसं वाटतंय ते अगोदर विचारायचं." बाईंनी सगळ्यांत जोरात मान डोलावली. पण जित्याची खोड. दुसऱ्या सकाळी कसबा पेठेतल्या नऊ वर्षांच्या नाजिमासमोर बसल्या आणि तोंडातून निघालंच, "किती?"

नाजिमा बोट पुसत म्हणाली, "आजी, तुम्ही पण माझ्या अम्मीसारख्याच."

"बरं, मग काय विचारू?"

"काहीच नका विचारू. थोडं थांबा. मीच सांगते."

बाई थांबल्या. त्यांना थांबण्याची सवय नव्हती, हात उगाच कापसाच्या डबीशी चाळा करत राहिले. नाजिमाने स्वप्नातल्या मांजरीची गोष्ट सांगितली. वर्गात कुणी आपल्याला डब्यातलं काही देत नाही, हे सांगितलं. सुईची नाही, पण सकाळी उठल्यावर काय आकडा येईल याची रात्री भीती वाटते, हेही सांगितलं. आकडा शेवटी आला, तोही जाता जाता. बाईंना लेकीची आठवण आली. उल्काकडेही असंच काहीबाही असणार सांगायला, रोज. आपण आकडा घेऊन दार लावून टाकत होतो.

शेवटच्या दुपारी पालक मुलांना न्यायला आले. नाजिमाच्या अम्मीने, परवीनने, फाटकातच लेकीला कुशीत घेतलं आणि विचारलं, "शुगर कितनी आई?" नाजिमाने वळून बाईंकडे पाहिलं आणि हसली. बाईंना हसू आलं नाही.

बाई व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या आणि त्यांनी फोन लावला. तीन दिवस प्रश्न तोंडात घोळवला होता, तरी जीभ अडखळली.

"उल्का, कशी आहेस?"

पलीकडे कीबोर्ड वाजत होता.

"एकशे अठरा," उल्का म्हणाली.

बाईंनी डोळे मिटले. हे उत्तर त्यांनीच शिकवलं होतं.

"ते नव्हतं विचारलं गं," त्या म्हणाल्या, आणि पुढे काही न बोलता थांबल्या. कीबोर्ड वाजायचा थांबला. खुर्ची सरकली, एक दार उघडून बंद झालं.

"दमलेय गं, आई," उल्काचा आवाज आला. "खूप दमलेय."

जेवलीस का, हे अगदी ओठांवर आलं होतं. बाईंनी ते गिळलं आणि फोन कानाशी घट्ट धरून ऐकत बसल्या.