मामाकुळ कापडणीस, नामपूर

मला आधीच राग लवकर येतो, त्यात सकाळी सकाळी शेखरभाऊंचा फोन. "हर्षाली, नवीन नोंदी वर येतात की नाही ते बघून घे गं. लग्नसराई तोंडावर आलीये."

शेखरभाऊंचं कॉलेज रोडला वधूवर मंडळ आहे आणि त्यांची वेबसाइट मी केलीये. स्थळं शोधा, हव्या त्या क्रमानं लावा, सगळं फुकट. मुलीचं नाव, फोटो, पत्ता झाकलेला, मंडळानं परवानगी दिली तरच दिसणार. एवढं सगळं झाकलं आणि मामाकुळ मात्र उघडं! मी तेव्हाच भांडले होते. भाऊ म्हणाले, "मामाकुळ कळल्याशिवाय आपल्यात कोणी कांदेपोह्यांना तरी येतं का? तू जरा गप बस." साइट त्यांची, मग मी काय बोलणार, कप्पाळ!

तर बसले तपासायला. लोक काय काय शोधतात ते मला मागून दिसतं. एरवी करमणूकच असते. कोणाला गोरी हवी, कोणाला पगारदार हवी, एकीला शेती हवी पण शेतकरी नको.

मग काल संध्याकाळचा एक जण दिसला. त्यानं वय विचारलं नव्हतं. शिक्षण नाही, पगार नाही. मामाकुळ कापडणीस, गाव नामपूर, एवढंच. अहो, लोक मामाकुळ शेवटी बघतात, नात्यात नातं अडकत नाही ना म्हणून. ह्यानं सुरुवातच तिथून केली. बऱ्याच मुली आल्या. मग त्यानं 'घटस्फोटित' निवडलं, तशा थोड्याच उरल्या. मग नवीन नोंदी वर. सगळ्यात वरची त्यानं उघडली. बंद केली. परत उघडली. रात्रभर तेच चाललं होतं त्याचं.

मी ती नोंद उघडली. नर्स, खासगी दवाखाना, निफाड. ही तर वैष्णवी!

मागे आईबरोबर, सगुणाबाईंबरोबर, ती मंडळात आली होती. बोलत होती ती आईच. पोरगी नुसती मनगट चोळत बसलेली. निघताना जिन्यात तिनं मला गाठलं. "ताई, माझं नाव खरंच नाय ना दिसणार? कोर्टानं सोडवलं मला, पण गोरक्ष म्हणतो मी नाय सोडणार. चांदवडपासून सगळीकडं विचारत फिरतो. हात मोडला तेव्हा निसता नमुना दाखवला म्हणतो."

"नाही दिसणार," मी म्हणाले.

नाव नव्हतंच दिसलं. पण बायकोचं मामाकुळ कुठल्या नवऱ्याला माहीत नसतं? बोहल्यावर मुलीला मामाच तर घेऊन येतो. त्याच्यासमोरच उभा राहिला असेल तो कापडणीस मामा, भाचीचा हात धरून.

मी साइट बंद केली आणि भाऊंना फोन लावला.

"डोकं फिरलंय का तुझं? ऐन हंगामात?"

"हो, फिरलंय! तिचा नवरा तिच्यापर्यंत पोचलाय, भाऊ!"

"अगं, असेल दुसरा कोणी. नामपुरात कापडणिसांचं एकच घर आहे का?"

मी फोन आपटला. असा संताप आला ना! वैष्णवीचा फोन नुसता वाजत राहिला. मग सगुणाबाईंना लावला.

"ती ड्युटीवर हाय," त्या म्हणाल्या. "फोन लॉकरमधी ऱ्हातो तिचा. काय झालं?"

सांगितलं. मग, "आगं माझे आई..." त्यांनी दवाखान्याचा नंबर दिला. "मी निघालेच घरून," म्हणाल्या.

दवाखान्यात लगेच उचलला. बोलणारी मुलगी मोठी गोड होती. "वैष्णवी सिस्टर? आत्ताच खाली गेल्या की. नामपूरहून एक बाई आल्या होत्या, मामांच्या शेजारच्या. मामांना अ‍ॅटॅक आलाय म्हणे, आई पुढं गेली, तू चल लवकर. रडतच गेल्या बिचाऱ्या."

"आई घरी आहे! आत्ता बोलले मी त्यांच्याशी! खोटं आहे ते सगळं, थांबवा तिला! पळा!"

फोन टेबलावर आपटल्याचा आवाज आला. मग चपला धावत गेल्या. मी उभीच होते. लांबून तिची हाक ऐकू आली, "सिस्टर! ओ सिस्टर, थांबा!" परत एकदा, आणखी लांबून. मग नुसती दवाखान्यातली गजबज, कोणाचं तरी खोकणं, कोणाचं तरी लहान मूल.

ती धापा टाकत परत आली.

"मॅडम, गाडीत बसल्या होत्या हो त्या. पुढच्या माणसानं मागं वळून बघितलं, तशा एकदम काच बडवायला लागल्या. दार उघडलंच नाही. गाडी गेली. कोण होता हो तो?"