आधी मेंढरांचं

मोहोळच्या पुढं सिद्धाप्पा धनगराची विहीर होती. म्हणजे खड्डाच होता. विहीर म्हणायची ती सिद्धाप्पाची हौस. एकोणतीस सालच्या चैत्रात तळाला नुसतं चिखलपाणी उरलं, तेव्हा त्यानं अक्कलकोटाकडून कल्लप्पाला आणलं. विहिरीत उतरून बाजूच्या मुरमात लांब गिरमिटानं आडवं भोक पाडायचं, हा कल्लप्पाचा धंदा. बोलायचा असा, की पाणी म्हणजे त्याचा सख्खा मेहुणा.

“भोक धुवायला नितळ पानी दे,” त्यानं बजावलं. “गढूळ घातलंस तर गाळ मुरमाच्या फटीत बसतोय. झरा आतच मरतोय, काय?”

“व्हय की.”

नितळ पाणी होतं. सीनेवरून गाडीतून आणलेलं पिंपभर. पण धनगराच्या दारात पाणी आधी मेंढरांचं, मग पोरांचं, मग देवाचं. भोकाचा नंबर कुठंच नव्हता.

“भोकाला काय तहान लागलीया?” केराबाई नवऱ्यावर खेकसली. “हितं मेंढरं जीव टाकत्यात!”

सिद्धाप्पानं पिंप मेंढरांना पाजलं. कल्लप्पा भाकरी खायला वर आला, तेव्हा तळचं चिखलपाणी घागरींत भरून ठेवलं. विहिरीत अंधार. रंग कोण बघतो?

शेवटी गिरमिटाला ओला मुरूम लागला. कल्लप्पानं ते ओढून काढलं आणि धार अंगावर येईल म्हणून बाजूला सरकला. भोकातून एक ओघळ आला. मग एक थेंब. मग काही नाही.

त्यानं भोकात बोट फिरवलं. बोटाला लोण्यासारखा काळा गाळ आला.

“हे तर तुझ्याच हिरीतलं हाय की रं. लिपलास बाबा झरा!”

“मग आता?” खाली उतरलेल्या सिद्धाप्पानं विचारलं.

“आता कान लाव.”

सिद्धाप्पानं कान लावला. आत पाणी होतं. भिंतीपल्याड शेजारी कुजबुजावेत, इतकं जवळ.

वर उजेड कमी झाला. पिंप कधीच संपलं होतं, आणि मेंढरांना वास लागला होता. विहिरीच्या कडेला गोल, खाली वाकलेली तोंडं. एकही ओरडत नव्हतं. कडेचा मुरूम सुटून सिद्धाप्पाच्या खांद्यावर पडला.

“केरे, मागं घे त्यास्नी!”

“सरकंनात की! पानी लागलं का?”

म्होरक्या मेंढ्यानं पुढचा पाय खाली सोडला. एक उतरलं की बाकीची विचारत नाहीत, हे धनगराला शिकवावं लागत नाही.

कल्लप्पा भिंतीला चिकटला. सिद्धाप्पानं मात्र दोन्ही हात पसरले, झेलायला.