झाडं लावणारा ट्रक

ब्रशच्या कारखान्यात सगळे त्यांना मेहुणे म्हणत. मालकाच्या बायकोचा धाकटा भाऊ, एवढीच त्यांची तिथली पात्रता होती आणि पहारेकऱ्यापासून कारकुनापर्यंत कोणी ती विसरायला तयार नव्हतं. मेहुण्यांनी आधी खरेदी पाहिली, मग विक्री पाहिली, मग कँटीन पाहिलं, आणि प्रत्येक ठिकाणाहून त्यांना मोठ्या सन्मानाने उठवण्यात आलं.

"आता तुझ्या भावाला कुठे बसवू, तूच सांग," असं शेठ बायकोला वैतागून म्हणाले, आणि त्याच आठवड्यात सगळ्यात बड्या गिऱ्हाईक कंपनीचं फर्मान येऊन धडकलं: यापुढे ब्रश घेतले जातील ते फक्त पर्यावरण सांभाळणाऱ्या आणि संपूर्ण डिजिटल कारखान्याकडूनच. शेठचा चेहरा उजळला. हे काम म्हणजे नेमकं काय, ते कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे ते बिघडण्याचीही भीती नव्हती. मेहुणे 'शाश्वत विकास आणि डिजिटल परिवर्तन प्रमुख' झाले. पाटी इतकी लांब झाली की दाराच्या चौकटीवर शेवटची दोन अक्षरं खाली उतरवावी लागली.

मेहुणे मात्र मनापासून कामाला लागले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या आधी त्या खुर्चीवर कोणी बसलेलं नव्हतं आणि 'आधीचे साहेब असं करत नव्हते' हे ऐकायला लागणार नव्हतं. त्यांनी एक सल्लागार आणला. सल्लागार पांढरे बूट घालून यायचा आणि बोलताना हवेत वर्तुळं काढायचा.

पहिला बदल ब्रशवर झाला. प्रत्येक ब्रशला एक शिक्का चिकटवायचा. गिऱ्हाइकाने तो मोबाईलने टिपला की मुठीचं लाकूड ज्या जंगलातून आलं, ते जंगल दिसायचं. शिक्का लाकडावर टिकेना, म्हणून त्यावर प्लॅस्टिकची पिशवी आली. पिशव्या खोक्यात घसरू लागल्या, म्हणून मधे थर्माकोल आला. पर्यावरण वाचवायला निघालेल्या त्या ब्रशच्या अंगावर नवरदेवापेक्षा जास्त कपडे झाले. संडासाच्या ब्रशची मूठ तर अख्खी प्लॅस्टिकची, पण त्याचा शिक्का टिपला तरी तेच जंगल दिसायचं, पक्ष्यांच्या आवाजासकट.

दुसरा बदल, टेलिफोन काढून टाकले. जे काय बोलायचं ते ॲपवर. ॲपवर तक्रार केली की लगेच उत्तर यायचं, "तुमचं म्हणणं आमच्यासाठी मोलाचं आहे," आणि ते मोल तिथेच संपायचं.

तिसरा बदल सल्लागाराचा सगळ्यात लाडका होता. मालाच्या ट्रकने जेवढं अंतर कापलं, तेवढ्या अंतराच्या हिशेबाने कुठेतरी झाडं लावली जायची. ती कोणी लावायची, कुठे लावायची, हे सल्लागाराच्या ओळखीची एक संस्था बघत होती. झाडं वाढली की कारखान्याचा 'हरित गुण' वाढायचा, आणि तो गुण दिवाणखान्याएवढ्या पडद्यावर प्रवेशद्वारापाशीच झळकायचा.

पहिल्या महिन्यात गुण जागचा हलला नाही. मेहुण्यांना जेवण गोड लागेना. मग एके दिवशी गुण सरकला. दुसऱ्या दिवशी आणखी वर गेला. मग तो असा काही उधळला, की शेठ स्वतः खाली येऊन पडद्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी मेहुण्यांच्या पाठीवर थाप मारली. लग्नाच्या मांडवात हार घालताना शेठचा हात मेहुण्यांच्या खांद्याला लागला होता, त्यानंतर आजच.

"भाऊजी, तुमचाच आशीर्वाद," मेहुणे म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्या दिवसापासून ते शर्टाला स्वतः इस्त्री करू लागले. बायको बघतच राहिली.

गिऱ्हाईक कंपनीचे मोठे साहेब खास हा चमत्कार बघायला येणार असं ठरलं आणि नेमक्या त्याच्या आदल्या दिवशी भांड्यांच्या दुकानाच्या मालकीणबाई येऊन ठेपल्या. शेठच्या वडिलांच्या काळापासूनचं हे गिऱ्हाईक. बाई पायऱ्या चढून धापा टाकत मेहुण्यांच्या खोलीत शिरल्या आणि खुर्चीत आदळल्या.

"माझे ब्रश कुठायत?"

मेहुण्यांनी टेबलावरचा पडदा बघितला. "पोचलेत की, बाई. तुमच्या दुकानापुढे हिरवी खूण आहे."

"हिरव्या खुणेने भांडी घासू का मी? फडताळ रिकामं आहे माझं. ॲपवर लिहून लिहून बोटं झिजली. परवा तर तुमच्या ॲपने मलाच विचारलं, आमच्या सेवेबद्दल तुम्ही किती आनंदी आहात! पाच चेहरे दिले होते, रडका एकही नव्हता."

मेहुणे ओशाळले. बाईंना चहा पाजून त्यांनी बोळवण केली आणि माल शोधायला घेतला. पडद्यावर बाईंच्या मालाच्या ट्रकचा ठिपका शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालला होता. थोड्या वेळाने तो उलटा निघाला. मग पुन्हा फिरला. मेहुणे बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत बसले आणि मग गाडी काढून, तो ठिपका जिथे थांबायचा त्या पेट्रोलपंपावर जाऊन उभे राहिले.

ट्रक आला. ड्रायव्हर खाली उतरला, ताजातवाना, तोंडात शीळ.

"माल कुठे न्यायचाय तुला?" मेहुण्यांनी विचारलं.

"जुन्या गोदामात."

"मग मघाशी नव्या गोदामाकडे का गेला होतास?"

"तेव्हा नव्यात न्यायचा होता." ड्रायव्हरने मोबाईल पुढे केला. "हे बघा ना साहेब. नव्या गोदामाच्या फाटकावर गेलं की त्यांचं मशीन म्हणतं, हा माल जुन्याचा. जुन्यावर गेलं की मशीन म्हणतं, नव्याचा. मशीनने हो म्हटल्याशिवाय पहारेकरी फाटक उघडत नाही. मी पण मग घासाघीस करत बसत नाही."

"आणि हे कधीपासून चाललंय?"

"मुलीच्या शाळेला सुट्टी लागायच्या आधीपासून. आता शाळा सुरू झाली."

"अरे, मग सांगायचं नाही का कोणाला?"

"ॲपवर सांगितलं. माझं म्हणणं मोलाचं आहे म्हणाले." ड्रायव्हरने डोकं खाजवलं. "आणि खरं सांगू साहेब, मला भत्ता अंतरावर मिळतो. अशी बिनकटकटीची नोकरी जन्मात केली नव्हती. चढवायचं नाही, उतरवायचं नाही."

मेहुण्यांनी मनात हिशेब मांडला. ट्रक जेवढा पळतो तेवढी झाडं, झाडं तेवढा गुण, आणि गुण तेवढी पाठीवर थाप. सगळा उजेड त्यांच्या डोक्यात एकदम पडला आणि त्या उजेडात त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी ट्रक सरळ कारखान्याच्या फाटकाशी आणून उभा करायला लावला.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आले तेव्हा ट्रक थांबल्यामुळे पडद्यावरचा गुण खाली घसरत होता. शेठ घामाघूम झाले. मेहुण्यांनी दोघांना आपल्या खोलीत नेलं आणि जे होतं ते सांगून टाकलं, काहीही न लपवता. इतकं सरळ बोलणं त्यांच्या तोंडून याआधी कधी निघालं नव्हतं. शेठनी डोळे मिटून घेतले. मोठे साहेब उठले, दार लावून आले आणि हलक्या आवाजात म्हणाले,

"ट्रक आत्ता कुठे आहे?"

"फाटकाशी उभा आहे, साहेब."

"का उभा आहे?"

मेहुण्यांना वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. पण साहेबांचा चेहरा पडला होता. या कारखान्याचा गुण त्यांनी स्वतःच्या कंपनीच्या अहवालात पहिल्या पानावर छापला होता. त्यांच्या वरच्यांनी तो आपल्या वरच्यांना दाखवला होता. त्यावर भाषणं झाली होती. आता गुण घसरला तर खालपासून वरपर्यंत एकेकाची मान अडकणार होती आणि साहेबांची मान त्यात सगळ्यात खाली होती.

"अहो, पण निदान माल तरी उतरवू या," मेहुणे काकुळतीला आले. "त्या दुकानवाल्या बाई कधीपासून ब्रशांची वाट बघताहेत. भरला ट्रक कशाला फिरवायचा?"

शेठनी खाडकन डोळे उघडले. "शाबास! रिकामा फिरला तर डिझेल कमी लागेल!"

"म्हणजे बचतीचा गुण वेगळा," साहेब म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "कल्पना कोणाची म्हणून लिहू?"

माल उतरला. मालकीणबाईंना ब्रश मिळाले. ट्रक पुन्हा निघाला, हलका, उड्या मारत. महिनाभरात मेहुण्यांना एका मोठ्या सभागृहात शाल आणि काचेच्या पानाचं सन्मानचिन्ह देण्यात आलं. इतर कारखान्यांचे लोक त्यांच्याभोवती जमून, हे कसं जमवलंत, असं विचारू लागले. मेहुणे म्हणाले, "जमून गेलं." लोकांना तो विनय वाटला.

पण त्यांना चैन पडेना. रविवारी ते ताईकडे गेले. ताई भाजी निवडत बसली होती. मेहुणे तिच्यासमोर बसले आणि म्हणाले,

"ताई, तो ट्रक रिकामा फिरतोय गं. नुसता फिरतोय. मला बघवत नाही."

ताईने मान वर केली नाही. "फिरू दे की. तू इतकी वर्षं या कारखान्यात रिकामाच फिरलास. तुला कोणी काही बोललं का?"

ताईने त्यांच्या पुढ्यात निवडायला थोड्या शेंगा सरकवल्या आणि त्यांनी त्या निवडल्या, सगळ्या, नीट.

सोमवारी ऑफिसात गेल्यावर टेबलावर दुसऱ्या ट्रकच्या खरेदीचा कागद सहीसाठी ठेवला होता. सल्लागार पांढरे बूट हलवत समोर बसला होता. मेहुण्यांनी खिडकीबाहेर बघितलं, पेन शोधलं आणि सही केली.

"याला ड्रायव्हर जरा शीळ न घालणारा बघा," एवढंच ते म्हणाले.